संकेतस्थळाचा रचनाकार परिचारक, उत्तरदायित्व वैद्याचे

‘तुमची वेबसाइट करून देतो’ असे म्हणत ज्याच्याकडे कोणीच आलेले नाही, असा वैद्य किंवा आयुर्वेदीय औषधांचा दुकानदार आज क्वचितच सापडेल. आठ दिवसांत काम पूर्ण, गूगलच्या पहिल्या पानावर नाव, परगावच्या रुग्णांची रीघ अशी आश्वासने देणारा हा तरुण बहुधा कष्टाळू असतो आणि त्याला आपल्या कामाची माहितीही असते. आपण मात्र त्याला दोनच प्रश्न विचारतो. पैसे किती आणि दिवस किती? पुढे पानाचा रंग हिरवा असावा की भगवा, खलबत्त्याचे चित्र वर असावे की बाजूला, यावर तासभर चर्चा होते आणि आगाऊ रक्कम दिली जाते. चर्चा जिथे व्हायला हवी तिथे ती होतच नाही. ती कोठे व्हावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. चौघेही आवश्यक आहेत, तरी प्राधान्य वैद्याला दिले आहे. कारण जाणणारा, आज्ञा देणारा आणि योजना करणारा तोच. संकेतस्थळाच्या कामात रचनाकाराचे स्थान परिचारकाचे आहे. तो कुशल असावा, त्याचा मान राखावा आणि त्याचा मोबदला वेळेवर द्यावा. परंतु काय सांगायचे, किती सांगायचे आणि कोणाच्या नावाने सांगायचे हे त्याने ठरवायचे नाही. पानाच्या तळाशी आपले नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. तिथे छापलेला प्रत्येक शब्द आपला मानला जातो आणि त्याचा जाबही आपल्यालाच विचारला जातो.

आधी निदान

रोगपरीक्षा न करता औषधयोजना करणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते सर्वांना ठाऊक आहे. तोच न्याय येथे लावावा. संकेतस्थळ कशासाठी हवे, हे एका कागदावर पाच ओळींत लिहून पाहावे. चिकित्सालयाचा पत्ता, वेळ, दूरध्वनी आणि तिथे पोहोचण्याचा मार्ग रुग्णाला सापडावा एवढाच हेतू असेल, तर गूगलच्या नकाशावर व्यवसायाची विनामूल्य नोंद करता येते. तेवढ्याने अनेक चिकित्सालयांचे काम भागते. पंचकर्माची माहिती सविस्तर द्यायची असेल, लेख प्रसिद्ध करायचे असतील, तर काही पानांचे साधे संकेतस्थळ पुरेसे होते. औषधविक्री करायची असेल, तर मात्र काम निराळे, खर्च निराळा आणि कायदेही निराळे. हेतू ठरलेला नसला की रचनाकार आपल्याकडे जे तयार आहे तेच देतो, आणि ते बहुधा आपल्या गरजेपेक्षा मोठे आणि महाग असते.

नाव कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी शुल्क भरून नोंदवावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ या नावांची व्यवस्था ‘निक्सी’ ही संस्था पाहते आणि २००५ पासून ही नावे सर्वांना खुली आहेत. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा पर्याय ऑगस्ट २०१४ मध्ये आला. नोंदणीचा वार्षिक खर्च फारसा नसतो. म्हणूनच ‘ते आमच्याकडून मोफत’ असे रचनाकार सहज म्हणू शकतो.

या ‘मोफत’मध्येच मोठा धोका आहे. नोंदणी रचनाकाराच्या नावाने, त्याच्या ई-मेलवर आणि त्याच्या खात्यातून झाली, तर नोंदीत धारक म्हणून तोच दिसतो. माझ्या परिचयातील एका औषधी दुकानदाराने आठ वर्षे एकच पत्ता पिशव्यांवर, पावत्यांवर आणि पाटीवर छापला. रचनाकाराने व्यवसाय बंद केला, त्याचा दूरध्वनी लागेना, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर जात राहिल्या आणि एके दिवशी ते नाव तिसऱ्याच कोणी घेतले. आज त्या पत्त्यावर भलतेच पान उघडते. नावावरून होणारे तंटे सोडवण्याची व्यवस्था निक्सीकडे आहे. परंतु तिथे त्या नावावरील आपला हक्क आणि समोरच्याचा दुर्हेतू दाखवून द्यावा लागतो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पहिल्याच दिवशी अर्धा तास देणे सोपे.

म्हणून नोंदणीचे खाते स्वतःच्या ई-मेलने उघडावे, शुल्क स्वतः भरावे आणि पावती जपून ठेवावी. होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाची पाने जिथे ठेवली जातात ती जागा. तिचेही खाते आपलेच असावे. रचनाकाराला कामापुरता प्रवेश द्यावा आणि काम संपल्यावर पासवर्ड बदलावा. दुकानाची किल्ली नोकराकडे असायला हरकत नाही. दुकानाचा सातबारा मात्र त्याच्या नावावर कोणी करीत नाही.

याच ओघात रचनाकाराला आणखी एक प्रश्न विचारावा. संकेतस्थळ कोणत्या प्रणालीवर बांधणार? वर्डप्रेससारखी खुली प्रणाली असेल, तर उद्या दुसरा जाणकारही ते काम हाती घेऊ शकतो. रचनाकाराची स्वतःची बंदिस्त प्रणाली असेल, तर तो गेला की सारे पुन्हा उभारावे लागते. खुल्या प्रणालीलाही देखभाल लागते. जुनी, अद्ययावत न केलेली संकेतस्थळे भामटे ताब्यात घेतात आणि त्यांत कामोत्तेजक औषधांच्या जाहिराती लपवतात. ‘फार्मा हॅक’ या नावाने हा प्रकार ओळखला जातो. मालकाला आपले पान नेहमीसारखेच दिसते, शोधणाऱ्याला मात्र वैद्याच्या नावाखाली भलताच मजकूर दिसतो. आपल्या व्यवसायात याहून लाजिरवाणे काय असणार? तेव्हा अद्ययावतीकरण कोण करणार, दर किती दिवसांनी करणार आणि संपूर्ण संकेतस्थळाची प्रत आपल्याकडे केव्हा देणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

शब्दांचे उत्तरदायित्व

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

रचनाकार चित्रे जमवतो, रंग बसवतो आणि शेवटी म्हणतो, ‘मजकूर तुम्ही देता की आम्ही टाकू?’ रुग्णांच्या गर्दीत असलेला वैद्य ‘तुम्हीच टाका’ म्हणतो. पूर्वी हा मजकूर दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून उचलला जाई, आता तो बहुधा यंत्राकडून क्षणात लिहून घेतला जातो. दोन्हीकडे भाषा सफाईदार असते आणि जबाबदारी कोणाचीच नसते. अशा एका मसुद्यात ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’, ‘शस्त्रक्रियेशिवाय मोतीबिंदू बरा’ आणि ‘शंभर टक्के दुष्परिणामरहित’ ही तीन वाक्ये एकाच पानावर मी वाचली आहेत. ती लिहिणाऱ्या मुलाला त्यांत काही वावगे वाटले नव्हते. त्याने यापूर्वी केलेल्या साबणाच्या आणि शिकवणीवर्गाच्या जाहिरातींतही असेच लिहिले जाते.

आपल्यासाठी मात्र १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ रोग व अवस्था दिल्या आहेत. त्यांत मधुमेह, कर्करोग, स्थूलता, रक्तदाब, अपस्मार, श्वित्र, मोतीबिंदू हे सारे येतात. या रोगांसाठी एखादे औषध सुचवणारी जाहिरात करण्यास हा कायदा मनाई करतो. मनाई केवळ ‘हमखास बरे करतो’ या दाव्याला नाही. निदान, उपशम, चिकित्सा आणि प्रतिबंध हे शब्दही कलम ३ मध्ये आहेत. म्हणजे ‘हमखास’ काढून ‘उपयुक्त’ घातले की सुटलो, हा समज चुकीचा आहे. कायदा करताना पहिल्या अपराधासाठीही सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाची तरतूद ठेवण्यात आली होती, यावरून त्यामागील गांभीर्य ध्यानात यावे.

‘हा कायदा वर्तमानपत्रांसाठी आहे, इंटरनेट तेव्हा होते कोठे?’ असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. जाहिरातीची त्या कायद्यातील व्याख्या वाचावी. सूचना, परिपत्रक, वेष्टन यांबरोबरच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही तिच्यात येते. संगणकाच्या पडद्यावरचे पान प्रकाशाशिवाय कशाने दिसते? व्याख्या इतकी व्यापक असताना संकेतस्थळ तिच्याबाहेर राहील, या भरवशावर कोणी राहू नये.

याच कायद्यात नोंदणीकृत चिकित्सकाला एक सवलतही आहे. अमुक रोगावर येथे चिकित्सा केली जाते, अशी पाटी तो स्वतःच्या चिकित्सालयाच्या आवारात लावू शकतो. परंतु ही सवलत आवारातील पाटीपुरती आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या पानाला ती आपोआप मिळते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. रचनाकार पाटीचे छायाचित्र घेऊन त्यावरील सगळी यादी पहिल्या पानावर उतरवतो, तेव्हा हा भेद त्याला माहीत नसतो; आपल्याला माहीत असायला हवा.

औषधनिर्मात्यांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी बंधनकारक करणाऱ्या नियम १७० विषयी अलीकडे बराच गोंधळ झाला. तो डिसेंबर २०१८ मध्ये आला, १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळला गेला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघाले तेव्हा ती स्थगितीही संपली. यावरून काही जण ‘आता सारे मोकळे झाले’ असा अर्थ काढतात. १९५४ चा अधिनियम त्या नियमावर अवलंबून नव्हता आणि नाही. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

कायदा बाजूला ठेवला, तरी शास्त्र काय सांगते? सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार वर्णिले आहेत. रोगाभिसर वैद्य रुग्णाच्या शोधात हिंडतो, त्याला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण वर्णन करतो आणि इतर वैद्यांचे दोष सांगतो. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘एकमेव’, ‘अन्यत्र निराश झालेल्यांसाठी’ ही आजच्या संकेतस्थळांवरील विशेषणे त्या वर्णनाशी ताडून पाहावीत.

तेव्हा मजकूर स्वतः लिहावा. आपले शिक्षण, नोंदणी, अनुभवाची वर्षे, चिकित्सालयातील सोयी, पंचकर्मापूर्वी रुग्णाने काय करावे आणि काय टाळावे, ऋतुचर्येचे साधे नियम असे सत्य आणि उपयोगी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. रचनाकाराने शुद्धलेखन सुधारावे. आपल्या लेखी संमतीवाचून एकही वाक्य भरू नये.

औषधी दुकानदारांसाठी

विक्रीचे संकेतस्थळ करणाऱ्यांनी तीन गोष्टींची तजवीज करून घ्यावी. पहिली गोष्ट ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० ची. विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव पानावर असलेच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. दुसरी गोष्ट अशी की वेष्टनावर जे उल्लेख सक्तीचे आहेत, त्यांपैकी बहुतेक विक्रीच्या पानावरही दाखवावे लागतात. केवळ डबीचे चित्र आणि किंमत देऊन भागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. वत्सनाभ, कुपीलू, भल्लातक, धत्तूर, हिंगूळ, हरताळ इत्यादी द्रव्ये औषधनियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत आणि त्यांनी युक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. अशी औषधे वैध चिकित्सापत्र घेतल्यावाचून आंतरजालावर विकू नयेत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ई-वाणिज्य संस्थांना बजावले आहे. रचनाकाराच्या तयार साच्यात साबण, तेल आणि रसकल्प एकाच टोपलीत पडतात. चिकित्सापत्र अपलोड केल्याखेरीज अमुक औषधांची मागणी पुढे जाऊ नये, अशी अट त्याच्याकडून बसवून घ्यावी लागते. त्या औषधांची यादी दुकानदाराने करून द्यावी. रचनाकाराकडून ती अपेक्षा नाही.

रुग्णाची गोष्ट रुग्णाची

‘आपली तक्रार लिहा’ अशी चौकट बहुतेक संकेतस्थळांवर असते. तिथे रुग्ण जे लिहितो ते कोणाकडे जाते, हे किती वैद्यांनी तपासले आहे? चाचणीसाठी रचनाकार स्वतःचा ई-मेल घालतो आणि पुष्कळदा तोच राहून जातो. एखाद्या स्त्रीने विश्वासाने लिहिलेली व्यथा त्याच्या कचेरीत वाचली जावी, हे आपल्या धर्मात बसत नाही. चिकित्सेपूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे, रुग्णांचे अभिप्राय आणि चित्रफिती यांचाही विचार याच दृष्टीने करावा. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान चिकित्सालयाला एवढा दंड होईल असे नव्हे. परंतु कायद्याची दृष्टी कोणती, हे त्यावरून कळते. कमीत कमी माहिती विचारावी, हाच उत्तम मार्ग.

मराठी अक्षराची काळजी

आपल्या अनेक फार्मसींची माहितीपत्रके जुन्या डीटीपी टंकांत जुळवलेली आहेत. तो मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर वाचकाला चित्रविचित्र खुणा दिसतात. तो चित्र म्हणून टाकला, तर दिसतो खरा, पण शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध रुग्णाच्या यंत्राला वाचून दाखवता येत नाही. सर्व मजकूर युनिकोडमध्येच हवा, हे करारात लिहावे. काही युनिकोड टंकांत पानाची भाषा मराठी आहे असे सांगितले, तरच मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ उमटतात. मसुदा भ्रमणध्वनीवर उघडून स्वतः वाचावा. कारण बहुसंख्य रुग्ण तो तिथेच वाचणार आहेत.

करार आणि मोबदला

तोंडी व्यवहार टाळावा. पैसे दिले म्हणजे सारे आपले झाले, असे नसते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिलेल्या मजकुराचा आणि संगणकीय प्रणालीचा पहिला स्वामी सामान्यतः तोच असतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र मात्र, निराळा करार नसल्यास, आपले. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल, तर केवळ भारत धरला जातो. एका वाक्याने हे सारे टळते. ते वाक्य वकिलाकडून लिहून घ्यावे.

दरपत्रक कलमवार मागावे. डोमेन, होस्टिंग, रचना, वार्षिक देखभाल आणि बदलांचा दर स्वतंत्र असावा. सुरक्षा-प्रमाणपत्रासाठी दरवर्षी वेगळी रक्कम लावली असेल, तर कारण विचारावे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देत आहे आणि साध्या संकेतस्थळाला ती पुरतात. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. अशी हमी कोणालाही देता येत नाही, असे गूगलचेच सांगणे आहे. रक्कम तीन हप्त्यांत द्यावी आणि शेवटचा हप्ता सर्व खात्यांचे पासवर्ड व संपूर्ण प्रत हाती आल्यावरच द्यावा.

परिचारकाचे चार गुण

शेवटी निवड कशी करावी? चरकाचार्यांनी परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शुचिता. रचनाकारालाही हीच कसोटी लावता येते. त्याने केलेली, आजही चालू असलेली तीन संकेतस्थळे पाहावीत, ही उपचारज्ञता. त्यांच्या मालकांना दूरध्वनी करून, अडचण आल्यावर तो किती वेळात धावून आला, हे विचारावे, ही दक्षता. आपले म्हणणे तो ऐकून घेतो की आपला साचा पुढे करतो, यावरून अनुराग कळतो. खाती आपल्या नावाने काढण्यास तो आनंदाने तयार होतो की सबबी सांगतो, ही शुचितेची परीक्षा. या चौथ्या परीक्षेत जो उतरत नाही, त्याचे काम कितीही देखणे असले तरी पुढे जाऊ नये.

एकेकट्या वैद्याला हे सारे करणे जड जाईल, याची मला जाणीव आहे. म्हणून आपल्या संघटनेला एक विनंती करावीशी वाटते. दोन पानांचा नमुना करार मराठीत तयार करून सभासदांना द्यावा आणि संकेतस्थळाचा मजकूर प्रसिद्धीपूर्वी वाचून सूचना देणारी तीन-चार ज्येष्ठ वैद्यांची समिती नेमावी. तद्विद्यसंभाषेची आपली परंपरा जुनी आहे; तिचा उपयोग येथेही व्हावा. एका वैद्याच्या पानावरील एक बेजबाबदार वाक्य वाचून लोक त्या वैद्यापुरते मत बनवीत नाहीत, ते आयुर्वेदाविषयी मत बनवतात. रचनाकार काम संपवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो आणि ते वाक्य आपल्या नावावर राहते.